फोनवरून आलेला नारळ

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४. सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक माइक ब्राऊन यांनी नेहमीसारखा सराव घेतला, सराव संपल्यावर पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि ते विमानतळाच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये लेकर्सशी सामना होता. वाटेतच फोन आला. त्या सामन्याला जाण्याची आता गरज उरली नव्हती. नोकरी गेली होती.

त्याच दिवशी डेन्व्हर नगेट्सचे प्रशिक्षक मायकेल मलोन पत्रकारांसमोर बसले होते. विषय अर्थातच त्यांच्या संघाचा निघायला हवा होता, पण मलोन यांना राहवलं नाही. ब्राऊन यांना ज्या रीतीने काढलं, त्यात ना सभ्यता होती ना समोर येऊन सांगण्याची हिंमत, असं त्यांनी सुनावलं. शब्द मात्र याहून बरेच रांगडे वापरले. त्यांच्या रागाला दोन कारणं होती. क्लीव्हलंडमध्ये ते ब्राऊन यांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक होते, म्हणजे अपमान एका जुन्या गुरूचा झाला होता. आणि दुसरं, बरोबर दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१४ मध्ये, याच संघाने, याच मालकाच्या काळात मलोन यांनाही डच्चू दिला होता.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात ८२ साखळी सामने खेळतो. एवढ्या लांबलचक हंगामात एखाद-दुसऱ्या प्रशिक्षकाची गच्छंती होणं हे तिथे पावसाळ्यातल्या सर्दीइतकं नेहमीचं. तरीही काही हकालपट्ट्या विसरल्या जातात आणि काही चाहत्यांच्या मनात वर्षानुवर्षं ठसठसत राहतात. ब्राऊन यांची दुसऱ्या प्रकारातली. गंमत म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत चाहत्यांचा एक मोठा गट स्वतःच त्यांच्यावर नाराज होता.

आदल्या रात्री घडलं ते असं. किंग्ज घरच्या कोर्टवर डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध खेळत होते. शेवटच्या मिनिटांत हातातली आघाडी निसटत निसटत तीन गुणांवर आली. घड्याळात तीन सेकंद उरलेले. पिस्टन्सच्या जेडन आयव्हीने तीन गुणांचा फटका मारला, तो बास्केटमध्ये गेला, आणि तो मारत असतानाच किंग्जचा हुकमी खेळाडू डीॲरन फॉक्स याच्याकडून फाउल झाला. तीन गुण आणि वर एक फ्री थ्रो. ११३ विरुद्ध ११४, एका गुणाने हार. घरच्या कोर्टवरची ती सलग पाचवी हार होती. संघाचा हिशेब १३ विजय आणि १८ पराभव असा झाला होता. सामन्यानंतर ब्राऊन यांनी फॉक्सची ती चूक पत्रकारांसमोर बोलून दाखवली. लोक घरी गेले ते चडफडत, आणि त्यातल्या पुष्कळांच्या तोंडी प्रशिक्षक बदला हीच भाषा होती.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बदलला. आणि वारं फिरलं. ज्यांना ब्राऊन नकोसे झाले होते, तेही फोनची हकिकत कळल्यावर मालकावर उखडले. सहाच महिन्यांपूर्वी, जून २०२४ मध्ये, संघाने ब्राऊन यांचा करार २०२६-२७ पर्यंत वाढवला होता. त्याआधी २०२३ मध्ये ते लीगचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते, तेही एकमताने. ३१ सामन्यांत असं काय बदललं, याचं उत्तर चाहत्यांना हवं होतं.

हा राग समजायचा तर सॅक्रामेंटो समजायला हवं. कॅलिफोर्नियाची ही राजधानी, पण लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सावलीत वाढलेलं शहर. लेकर्सचे विख्यात प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा या गावाची गुराढोरांचं गाव म्हणून टिंगल केली, तेव्हा इथल्या प्रेक्षकांनी गायीच्या गळ्यातल्या घंटा स्टेडियममध्ये आणल्या आणि लेकर्सच्या कानठळ्या बसवल्या. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत चार-चार खेळांचे संघ असतात. सॅक्रामेंटोच्या वाट्याला त्या तोलाचा बराच काळ हा एकच आला. त्यामुळे किंग्ज हरले की रविवारची सुट्टी भरवशाच्या दुसऱ्या संघावर काढावी, अशी सोय नव्हती.

शिवाय हा संघ जवळजवळ हातातून गेला होता. २०१३ मध्ये तेव्हाच्या मालकांनी तो सिएटलच्या गटाला विकायचा सौदा केला. शहराचे महापौर केविन जॉन्सन स्वतः एनबीएतले जुने खेळाडू. त्यांनी आणि चाहत्यांनी मिळून मोहीम उभारली, नवं स्टेडियम बांधायची तयारी दाखवली, त्यासाठी सरकारी तिजोरीतून पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम घातली गेली. मे २०१३ मध्ये लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. म्हणजे तिकिटाच्या पैशांपलीकडे या शहराने संघात कराचा पैसाही गुंतवलेला आहे. असा प्रेक्षक गिऱ्हाईक म्हणून वागत नाही, भागीदार म्हणून जाब विचारतो.

संघ वाचवायला जो खरेदीदार पुढे आला, तो मराठी वाचकांच्या ओळखीच्या मुलखातला. विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा, बालपण जुहूचं. शिक्षणासाठी ते एमआयटीत गेले, शेअर बाजारातली माहिती क्षणार्धात पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि एनबीए संघाचे प्रमुख मालक होणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ ठरले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, ते किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यातले. त्यामागे रणदिवे यांचा आग्रह मोठा होता. पेसर्सनी दोन्ही जिंकले. त्या दोन दिवसांत वरळीच्या कोर्टशेजारी जे दोन मुख्य प्रशिक्षक उभे होते, त्यांचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. पेसर्सच्या नेट मॅकमिलन यांना ऑगस्ट २०२० मध्ये करारवाढ जाहीर झाली आणि दोनच आठवड्यांत नारळ मिळाला. किंग्जचे ल्यूक वॉल्टन नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले.

रणदिवे यांच्याबाबत आणखी एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना आणि टीकाकारांना सारखीच आवडते. ते स्वतः प्रशिक्षक होते! कॅलिफोर्नियात मुलीच्या शालेय वयाच्या संघाला त्यांनी शिकवलं. बास्केटबॉलचा गंध नसताना त्यांनी एक गोष्ट हेरली: दुबळे संघसुद्धा प्रतिस्पर्ध्याला अर्धं कोर्ट आरामात ओलांडू देतात. त्यांच्या पोरींनी पूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याची कोंडी करायची, अशी युक्ती लढवली आणि तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये ही कहाणी लिहिली आणि ती जगभर गेली. एका मालकासाठी ही कीर्ती जरा धोक्याची असते. ज्याला एकदा बाहेरून येऊन खेळ उलगडल्यासारखा वाटला, त्याला पगारी तज्ज्ञाचं ऐकून घेणं जड जातं, असं सॅक्रामेंटोतले टीकाकार म्हणतात, आणि पुढच्या घटना पाहता ते अगदीच चूक नाहीत.

२०१४ ची गोष्ट बघा. मलोन यांनी संघाची सुरुवात चांगली करून दिली होती. मग संघाचा आधारस्तंभ डिमार्कस कझिन्स मेंदूज्वराने अंथरुणाला खिळला आणि पराभव सुरू झाले. कझिन्स परत येण्याआधीच, ११ विजय आणि १३ पराभवांवर, मलोन यांना काढलं. आजारी खेळाडूची शिक्षा प्रशिक्षकाला, ही भावना चाहत्यांत पसरली आणि कझिन्सही मनातून दुखावला. मालकांना अधिक वेगवान, मुक्त खेळ हवा होता. तेव्हाच्या एका मुलाखतीत रणदिवे यांनी उपमा दिली ती बँडची: आधी शिस्तीच्या मार्चिंग बँडची गरज होती, आता जॅझ वाजवणारा हवा. त्यानंतर टायरन कॉर्बिन आले, मग जॉर्ज कार्ल, डेव्ह योर्गर, वॉल्टन, हंगामी म्हणून ॲल्विन जेंट्री. योर्गर यांनी २०१८-१९ मध्ये ३९ सामने जिंकून दिले, संघाची तेरा वर्षांतली सर्वांत चांगली कामगिरी. हंगाम संपला आणि त्यांनाही घरचा रस्ता दाखवला गेला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी त्याहून जुनी एक गच्छंती आहे, ती मात्र रणदिवे यांच्या आधीची. रिक ॲडलमन नावाच्या शांत, अबोल प्रशिक्षकाने किंग्जना १९९९ ते २००६ सलग आठ वर्षं बाद फेरीत नेलं. २००६ मध्ये तेव्हाच्या मालकांनी त्यांचा करार वाढवला नाही. त्यानंतर संघ बाद फेरीचं तोंड बघायला सोळा हंगाम थांबला. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत लांब दुष्काळ. सॅक्रामेंटोच्या चाहत्याला चांगला माणूस घालवला की काय होतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तो दुष्काळ संपवला तो ब्राऊन यांनी. २०२२-२३ मध्ये ४८ विजय, बाद फेरीत प्रवेश. त्याच हंगामात स्टेडियमच्या छतावर जांभळ्या रंगाचे लेझर बसवले गेले. संघ जिंकला की आकाशात प्रकाशाचा खांब उभा राहायचा. जिंकल्यावर झोत पेटवा म्हणून सारं स्टेडियम ओरडायचं. शहराबाहेरून गाडीने येणाऱ्यालाही तो खांब पाहून निकाल कळायचा. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सनी सातव्या सामन्यात त्यांना हरवलं, स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले, पण त्याचं दुःख कुणी फार केलं नाही. इतकी वर्षं पराभवाची सवय असलेल्या गावाला ब्राऊन यांनी उजेड दाखवला होता, अगदी शब्दशः. त्याच माणसाला विमानतळाच्या वाटेवर फोनवरून कळवलं गेलं.

मग प्रश्न उरतो, प्रशिक्षकच का? उत्तर बरंचसं हिशेबाच्या वहीत आहे. एनबीएतल्या खेळाडूंच्या पगाराला संघनिहाय मर्यादा असते. २०२४-२५ साली ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. खेळाडूंचे करार बहुतांश हमीचे. खेळाडू नकोसा झाला तरी त्याला नुसतं हाकलता येत नाही. दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची तर पगारांची गणितं जुळवावी लागतात. प्रशिक्षकाचा पगार या मर्यादेत धरतच नाहीत. त्याला उरलेल्या कराराचे पैसे दिले की विषय मिटला, आणि ते पैसे अब्जाधीश मालकाच्या खिशातून जातात, संघाच्या ताकदीतून नव्हे. पंधरा खेळाडू बदलणं अशक्य, जनरल मॅनेजर बदलला तर फरक दिसायला वर्षं लागतात. एका रात्रीत बदलता येईल असा महत्त्वाचा माणूस एकच उरतो. बळीचा बकरा हा शब्द मराठीत उगाच नाही, पण इथे बकऱ्याला निदान वर्षानुवर्षं चेक येत राहतो.

म्हणून यश हेही कवच ठरत नाही. २०१९ चं विजेतेपद मिळवून देणारे टोरंटोचे निक नर्स, २०२० चे लेकर्सचे फ्रँक व्होगल, २०२१ चे मिलवॉकीचे माइक बुडनहोल्झर: तिघांनाही त्याच संघांनी २०२३ चा मे उलटण्याआधी घरी पाठवलं.

चाहत्यांना हे गणित कळतं. म्हणूनच प्रशिक्षक गेला की त्यांचा पहिला प्रश्न असतो: मग याला घालवला कुणी? सॅक्रामेंटोत एक बोट मालकाकडे गेलं आणि दुसरं फॉक्सकडे. ज्याच्या फाउलने सामना गेला, ज्याच्यावर प्रशिक्षक उघडपणे बोलले, त्यानेच सूत्रं हलवली असणार, असा तर्क लोकांनी लढवला. फॉक्सने हे नाकारलं. प्रशिक्षकाला काढल्यावर व्यवस्थापनातलं कुणी लोकांसमोर येऊन बोललं नाही आणि सगळं खापर आपल्या माथी फुटलं, अशी तक्रार त्याने नंतर केली. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला त्याची सॅन अँटोनियोला बदली झाली. एप्रिलमध्ये जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअरही गेले. ब्राऊन यांच्या जागी आलेले डग ख्रिस्ती हे ॲडलमन यांच्या त्या सोनेरी संघातले खेळाडू, गावाचे लाडके. त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता. संघ ४० विजय आणि ४२ पराभवांवर थांबला. म्हणजे चार महिन्यांत प्रशिक्षक, नायक आणि मॅनेजर तिघेही गेले, आणि ब्राऊन होते तेव्हाही संघ जिथे अडकला होता त्याच्या आसपासच राहिला.

खेळाडूवर राग काढण्याची ही रीत जुनी आहे. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनने सॉल्ट लेक सिटीतल्या सामन्यानंतर जाहीर करून टाकलं की प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांच्याशी आपलं जमत नाही, मला दुसरीकडे पाठवा. त्याच वर्षी त्याने २५ वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार केला होता. दुसऱ्या दिवशी मालक जेरी बस यांनी वेस्टहेड यांना काढलं. वेस्टहेड यांनी दीड वर्षापूर्वीच, १९८० मध्ये, विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि या हंगामातही संघ सात जिंकून चारच हरला होता. पुढचा सामना घरच्या कोर्टवर होता. मॅजिकचं नाव पुकारलं गेलं आणि स्वतःच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. बावीस वर्षांचा, सदाहसतमुख, गावाचा जीव की प्राण असलेला पोरगा, आणि त्याच्याच घरात त्याच्यावर हुर्यो! प्रेक्षकांना वेस्टहेड फार प्रिय होते असं मुळीच नाही. त्यांचा साचेबंद खेळ कित्येकांना कंटाळवाणा वाटे. खुपलं ते हे, की एका पोराने रुसून बसावं आणि मालकाने मान तुकवावी. नवे प्रशिक्षक पॅट रायली यांनी त्याच हंगामात विजेतेपद आणलं. मग सगळं माफ झालं.

माफी अशीच मिळते, जिंकून. वॉरियर्सचे मालक जो लेकब यांनी मार्च २०१२ मध्ये लाडक्या मॉन्टा एलिसला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. काही दिवसांनी जुने खेळाडू ख्रिस मलिन यांच्या सत्काराला लेकब माईकपुढे आले आणि प्रेक्षकांनी त्यांना बोलूच दिलं नाही. हुर्यो थांबेना म्हणून सत्कारमूर्तीलाच पुढे येऊन लोकांची समजूत घालावी लागली. तेव्हा त्या संघाच्या भागीदारांत रणदिवे हेही होते. त्याच लेकब यांनी २०१४ मध्ये ५१ सामने जिंकून देणाऱ्या मार्क जॅक्सन यांना काढलं, तेव्हाही टीका झाली. वर्षभराने स्टीव्ह कर यांनी विजेतेपद आणलं आणि लेकब द्रष्टे ठरले.

प्रशिक्षक गेल्याचा आनंद साजरा होण्याचे प्रसंगही असतात, आणि योगायोग असा की त्यातला एक ठळक प्रसंग ब्राऊन यांच्याच नशिबी आला. ९ नोव्हेंबर २०१२. लेकर्सनी हंगामाच्या पहिल्या पाच सामन्यांत एकच जिंकला आणि ब्राऊन यांना सकाळी काढलं. त्याच रात्री घरच्या सामन्यात प्रेक्षक फिल हवा, फिल हवा असा घोष करत होते. म्हणजे तेच फिल जॅक्सन, सॅक्रामेंटोला हिणवणारे. लेकर्सनी फिलना आणलं नाही, माइक डँटोनींना आणलं, आणि लोक ब्राऊन यांच्यावरचा राग विसरून त्या निर्णयावर रागावले. चाहत्याला खरं तर प्रशिक्षक जायला नको असतो. त्याच्या मनातला माणूस यायला हवा असतो.

टोरंटोची तऱ्हा सर्वांत वेगळी आणि वागण्यात सर्वांत शहाणी. ड्वेन केसी यांनी २०१७-१८ मध्ये रॅप्टर्सना ५९ विजय मिळवून दिले, संघाच्या इतिहासातली तोवरची सर्वोत्तम कामगिरी. बाद फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडने त्यांचा ४-० असा फडशा पाडला आणि मे महिन्यात केसी यांना काढलं. जूनमध्ये लीगने त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक जाहीर केलं. तोवर ते डेट्रॉइटच्या नोकरीत रुजूही झाले होते. नोव्हेंबरमध्ये ते पाहुण्या संघाबरोबर टोरंटोत आले. पडद्यावर त्यांच्या कारकिर्दीची चित्रफीत दाखवली गेली, सारं स्टेडियम उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. मग केसींच्या डेट्रॉइटने शेवटच्या क्षणी बास्केट मारून दोन गुणांनी सामना जिंकला! काही महिन्यांनी, जून २०१९ मध्ये, रॅप्टर्स पहिल्यांदा विजेते झाले. म्हणजे काढण्याचा निर्णय फळाला आला, आणि काढलेल्या माणसाला दिलेला मानही चुकीचा ठरला नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे टोरंटोच्या प्रेक्षकांना कळलं. मालक मंडळींना ते क्वचितच कळतं.

मलोन यांच्याकडे परत यायला हवं, कारण ब्राऊन यांच्या बाजूने बोलल्याला चार महिनेही झाले नव्हते तोच त्यांची पाळी आली. सॅक्रामेंटोने काढल्यावर ते डेन्व्हरला गेले, दहा हंगाम राहिले, ४७१ साखळी सामने जिंकून त्या संघाचे सर्वांत यशस्वी प्रशिक्षक झाले आणि २०२३ मध्ये त्यांनी नगेट्सना इतिहासातलं पहिलं विजेतेपद दिलं. ८ एप्रिल २०२५ रोजी, साखळीचे फक्त तीन सामने उरलेले असताना, ४७ विजय आणि ३२ पराभव अशी स्थिती असताना, त्यांना आणि जनरल मॅनेजर कॅल्व्हिन बूथ यांना एकाच दिवशी दूर केलं गेलं. बाद फेरीच्या इतक्या तोंडावर असं सहसा कुणी करत नाही. डेन्व्हर अवाक झालं. पण तिथे राग सॅक्रामेंटोसारखा धुमसला नाही, आणि त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. मालक घराण्यातले जॉश क्रोन्के कॅमेऱ्यासमोर बसले आणि का काढलं ते बोलले. प्रशिक्षक आणि मॅनेजर यांचं आपसात पटत नाही हे शहराला ठाऊक होतंच. दोघांनाही एकाच तराजूत तोललं गेलं. हंगामी प्रशिक्षक म्हणून आले डेव्हिड ॲडलमन, सॅक्रामेंटोने २००६ मध्ये जाऊ दिलेल्या रिक ॲडलमन यांचे चिरंजीव. त्यांनी उरलेले तिन्ही सामने जिंकले, एक फेरी पार केली आणि पुढे विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमा सिटीला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. नोकरी पक्की झाली.

न्यूयॉर्कचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. टॉम थिबोडो निक्सचे प्रशिक्षक झाले २०२० मध्ये. १९७३ नंतर विजेतेपद न पाहिलेला, वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय झालेला हा संघ. थिबोडो यांनी पाचपैकी चार हंगामांत त्याला बाद फेरीत नेलं. २०२५ च्या मे महिन्यात गतविजेत्या बोस्टनला हरवून निक्स पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले, त्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरचा रस्ता माणसांनी फुलून गेला, पोरं खांबांवर चढली. पुढच्या फेरीत पेसर्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात शेवटची तीनएक मिनिटं उरलेली असताना हातात असलेली १४ गुणांची आघाडी निक्सनी घालवली, जादा वेळेत सामना गमावला आणि ती फेरी ४-२ अशी गेली. हा पराभव ३१ मे रोजी झाला. ३ जूनला थिबोडो गेले.

इथे चाहते उभे चिरले गेले. एका बाजूचं म्हणणं: पाव शतकात जे कुणाला जमलं नाही ते करणाऱ्याला तीन दिवसांत हाकलता? दुसरी बाजू घड्याळ दाखवत होती. थिबोडो पहिल्या पाच खेळाडूंना दमेपर्यंत खेळवतात, बाकावरच्यांवर विश्वास टाकत नाहीत, ही तक्रार ते शिकागोत प्रशिक्षक होते तेव्हापासूनची. तिथे २०१२ च्या बाद फेरीत संघ १२ गुणांनी पुढे आणि सामना संपायला दीड मिनिटही उरलेलं नसताना हुकमी खेळाडू डेरिक रोझ कोर्टवर होता; त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि ती कारकीर्द पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. न्यूयॉर्कमध्ये मिकाल ब्रिजेसने मार्च २०२५ मध्ये खेळण्याच्या मिनिटांबद्दल पत्रकारांकडे बोलून दाखवलं होतं. साखळीत बोस्टन, क्लीव्हलंड आणि ओक्लाहोमा या तीन बलाढ्य संघांविरुद्ध निक्स दहापैकी दहा सामने हरले होते. दोन्ही बाजूंकडे पुरावे होते. निकाल लागणार नव्हता.

दोन्ही बाजूंना एकत्र आणलं ते व्यवस्थापनाच्या पुढच्या चालीने. निक्सनी एकामागून एक, दुसऱ्या संघांच्या नोकरीत असलेल्या प्रशिक्षकांची मागणी सुरू केली: डॅलसचे जेसन किड, ह्यूस्टनचे इमे उडोका, मिनेसोटाचे ख्रिस फिंच, आणखीही. सगळीकडून नकार. हातात पर्याय नसताना माणूस काढला, हे उघडं पडलं आणि थिबोडो यांच्या टीकाकारांनीही कपाळावर हात मारला. दरम्यान थिबोडो यांनी वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन न्यूयॉर्कच्या चाहत्यांचे आभार मानले. ज्यांच्यातल्या निम्म्यांना आपण नको होतो त्यांचे आभार मानायचे, याला मोठं मन तरी लागतं किंवा मुरब्बीपणा. थिबोडो यांच्याकडे बहुधा दोन्ही असावं.

जुलैमध्ये निक्सना प्रशिक्षक मिळाला. माइक ब्राऊन. क्लीव्हलंडने दोनदा, लेकर्सने आणि सॅक्रामेंटोने एकेकदा काढलेले. न्यूयॉर्कच्या वार्ताहरांनी त्यांना अपेक्षांच्या ओझ्याविषयी विचारलं, तेव्हा आपल्याइतक्या मोठ्या अपेक्षा दुसऱ्या कुणाच्या नसतील, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी हसत दिलं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या संघाने लास वेगासला एनबीए चषक जिंकला. हंगामाच्या मधोमध भरणारी ही नवी स्पर्धा. अंतिम सामन्यात समोर सॅन अँटोनियो होतं, म्हणजे फॉक्सचा संघ. १२४-११३ असा विजय मिळाला. एरवी असा चषक जिंकणारा संघ स्टेडियमच्या छताला विजयपताका टांगतो. निक्सनी ती टांगायची नाही असं ठरवलं. गार्डनमधला प्रेक्षक तेव्हा १९७३ च्या पताकेशेजारी तसलंच काही मागत होता, आणि ते येईपर्यंत ब्राऊन यांची खुर्चीही हमीची नव्हती.